शुक्रवारी कामाला जाणारी डबी: मस्कत ते रुस्ताक

ओमानला जायचं ठरलं तेव्हा मी नवऱ्याला एकच अट घातली, लॅपटॉप घरी राहील. मिलिंद लगेच "हो" म्हणाला. इतक्या वर्षांच्या संसारात हा माणूस कुठल्याच गोष्टीला इतक्या चटकन हो म्हणालेला नाही, तेव्हाच मला संशय यायला हवा होता. पण दिवाळीचा फराळ करून हात दुखत होते आणि दवाखान्याला चार दिवस टाळं लावण्याच्या कल्पनेनेच मी तरंगत होते. मी दातांची डॉक्टर. कोथरूडमध्ये माझा स्वतःचा दवाखाना आहे. इतरांच्या तोंडात डोकावण्यातच माझं अर्धं आयुष्य गेलंय.

मिलिंद एम्बेडेड इंजिनिअर. म्हणजे काय, हे मला लग्नानंतर दोन वर्षांनी कळलं. लिफ्ट, वॉशिंग मशीन, गाडी यांच्या पोटात एक चिमुकला कॉम्प्युटर बसवलेला असतो, तो एकच काम करतो आणि कुणाच्या बापाचं ऐकत नाही. त्याला शिकवायचं काम मिलिंदसारख्यांचं. कॉलेजातला त्याचा मित्र संजय याच धंद्यात मस्कतला आहे, आणि आम्ही त्याच्याकडेच उतरणार होतो.

मुंबईहून विमानात बसलं की जेवणाचा ट्रे परत नेईपर्यंत मस्कत येतं. व्हिसाचे नियम बदलत असतात, तिकीट काढण्याआधी बघून घ्या. पैशांचं म्हणाल तर एका रियालला दोनशेच्या वर रुपये मोजावे लागतात, त्यामुळे पहिल्या दिवशी प्रत्येक गोष्टीचा मनातल्या मनात गुणाकार होतो. दुसऱ्या दिवसापासून गुणाकार सोडून द्यावा, जेवण गोड लागतं.

संजय पूर्वी वादी अदाईत भाड्याने राहायचा, आता अल हैलला समुद्रापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर राहतो. त्याची बायको अश्विनी इथल्याच शाळेत शिकवते आणि मुलगी इरा त्याच शाळेत शिकते. संध्याकाळी आम्ही किनाऱ्यावर गेलो. कोपऱ्यावरच्या टपरीवजा हॉटेलसमोर गाड्या थांबत होत्या, हॉर्न वाजला की पोऱ्या कडक चहा गाडीतच आणून देत होता. चहा अप्रतिम. त्या चहाबरोबर दोन्ही इंजिनिअरांनी जे सुरू केलं, ते मात्र नेहमीचंच.

"अरे, आता सगळी पोरं एआयमध्ये जातायत," संजय म्हणाला. "हार्डवेअरला हात लावायला कोणी तयार नाही. सोल्डरिंगचा वास आला की नाक मुरडतात."

"माझ्याकडे तर हार्डवेअरच नाही," मिलिंद म्हणाला. "माझ्याकडे फक्त मीटिंगा आहेत."

मी आणि अश्विनीने एकमेकींकडे बघून डोळे फिरवले आणि वाळूत चालायला लागलो.

बॉम्ब टाकला तो इराने. इराचं मराठी थोडं अडखळत चालतं, पण निशाण्यावर पोचतं. रात्री पुऱ्या लाटताना ती माझ्या शेजारी येऊन उभी राहिली.

"काकू, तुम्ही इथे शिफ्ट होणार ना? मिलिंदकाकाचा इंटरव्ह्यू आहे ना फ्रायडेला?"

"कुठे गं?"

"बाबाच्या अर्बाबच्या, म्हणजे बॉसच्या, फार्मवर. सालिम अंकल. पण ते सीक्रेट आहे." मग तिने स्वतःच तोंडावर हात ठेवला. "ओह, तुला नव्हतं सांगायचं."

मी पुरी लाटत राहिले. माझी खुर्ची, माझे पेशंट, बँकेचं कर्ज फेडून नुकताच माझा झालेला तो दवाखाना, हे सगळं कुठल्या तरी शेतावर एका शुक्रवारी ठरणार होतं, आणि मला त्याबद्दल एका दहा वर्षांच्या मुलीकडून कळत होतं. मला फार वाईट वाटलं. पण भांडण करायला सगळे दिवस पुढे होते, म्हणून आधी थोडी गंमत करून घ्यायचं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी मत्राचा बाजार. इथे लोबान, खंजीर, पश्मिना म्हणून विकलेल्या शाली आणि खरोखर चांगले खजूर मिळतात. भाव करायला लाजू नका, दुकानदार अर्धे आपल्याच बाजूचे आहेत. मी चालता चालता मिलिंदला म्हणाले, "किती छान शहर आहे रे. इथे कायमचंच राहावं असं वाटतं."

तो ज्यूस पीत होता. तो ज्यूस त्याच्या शर्टावर आला.

"आपण... म्हणजे... तुला खरंच वाटतं?"

"छे! मी आपली गंमत केली. दवाखाना सोडून मी कुठे जातेय?" असं म्हणून मी पुढच्या दुकानात शिरले. दिवसभरात मी हा प्रयोग तीन वेगवेगळ्या ठिकाणी केला आणि तिन्ही वेळा त्याच्या चेहऱ्यावर आशा आणि भीती आळीपाळीने येऊन गेल्या. पाप लागेल म्हणा, पण मजा आली.

शुक्रवारी सकाळी अश्विनी आणि इराला घरी ठेवून आम्ही तिघं रुस्ताककडे निघालो. अल हैलहून मोठ्या रस्त्याला लागायचं, बरकाच्या पुढे आत वळायचं आणि नखलचा किल्ला दिसला की थांबायचं. तपकिरी, उघड्या-बोडक्या डोंगरांच्या पायाशी खजुरीची गर्द हिरवी बाग आणि तिच्या डोक्यावर तो किल्ला. रस्ते लोण्यासारखे आहेत, पण कॅमेरे जागोजागी आहेत, तेव्हा लोणी बघून पाय दाबू नका. गाडीत पुढच्या सीटवर दोघांची खुसफूस चालू होती आणि त्यातून मला हळूहळू सगळी गोष्ट कळली. सालिम हा संजयच्या कंपनीचा मालक, स्वतःही इंजिनिअर. त्याच्या शेतघरात एसीचं बिल अफाट येतं. मिलिंदने घरी बसून एक डबी बनवली होती, जी एसी कधी चालू ठेवायचा आणि कधी बंद हे स्वतः ठरवते. संजयने ती आदल्या संध्याकाळी जाऊन बसवली होती. डबी चालली तर नोकरी.

ही डबी मला ओळखीची होती. तिची पहिली आवृत्ती आमच्या बेडरूममध्ये आहे. मी एसी अठरावर ठेवते म्हणून मिलिंदने ती बनवली. एकदा तिने ठरवलं की ती रिमोटचंही ऐकत नाही.

सालिमचं शेत रुस्ताकच्या अलीकडे आहे. आम्ही पोचलो तेव्हा दुपारची नमाज आटोपून सगळं कुटुंब जमत होतं: भाऊ, चुलत भाऊ, जावई, पोरंबाळं. पांढरेशुभ्र कपडे, लोबानचा धूर, जमिनीवर गालिचे. आम्हाला पाहुणे म्हणून दिवाणखान्यात मानाने बसवलं. कॉफी आली. आता इथली एक रीत सांगते. छोट्या कपात कॉफी ओततात, आणि तुम्ही कप दोन बोटांत धरून हलवेपर्यंत ओतणारा ओततच राहतो. हे मी वाचून आले होते. मिलिंदला सांगितलं नव्हतं. तो सभ्यपणे पीत राहिला, ओतणारा सभ्यपणे ओतत राहिला. शेवटी सालिमनेच हसत त्याचा कप हलवला.

आणि तेवढ्यात एसी बंद झाला.

आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. मग एका चुलत भावाने रिमोट दाबला. मग दुसऱ्याने दाबला. मग रिमोट हातोहात सगळ्या दिवाणखान्यात फिरला. बायकांच्या खोलीतून सालिमची आई येऊन दारात उभी राहिली आणि अरबीत जे बोलली त्याला भाषांतराची गरज नव्हती. बाहेर ऊन मी म्हणत होतं. एक जावई डबीची वायर उपटायला निघाला, पण सालिमने त्याला थांबवलं आणि मिलिंदकडे वळून अगदी शांतपणे हिंदीत विचारलं, "मिलिंदभाई, डिब्बा क्या सोच रहा है?"

मिलिंदच्या कपाळावर घाम होता. मला दिसत होतं की त्याला कळलं आहे. संजय त्याच्या कानाला लागला, पण माझा कान जवळच होता.

"व्होल्टेजचं कारण सांग. इथे वर-खाली होतं कधी कधी. खलास! कुणाला कळणार आहे?"

खरं सांगते, त्या क्षणी मला मनातून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. काहीही सांगितलं तरी ही नोकरी आता घामात वाहून जाणार आणि माझा दवाखाना वाचणार, अशी माझी खात्री झाली होती.

"डब्याचा दोष नाही," मिलिंद म्हणाला. हिंदी, इंग्रजी दोन्ही एकत्र करून तो बोलत होता. "दोष माझा आहे. हे सुट्टीचं घर आहे, म्हणून मी डब्याला शिकवलं की सुट्टीच्या दिवशी घर थंड ठेव, कामाच्या दिवशी कुणी एसी लावला तरी थोड्या वेळात बंद कर. आणि सुट्टी म्हणजे पुण्यातला शनिवार-रविवार. आज शुक्रवार. त्याच्या हिशोबाने तुम्ही सगळे ऑफिसात आहात."

सालिमने ते घरच्यांना अरबीत सांगितलं आणि दिवाणखाना हसून लोळायला लागला. आईसुद्धा हसली. इतकी वर्षं ओमानमध्ये राहिलेला संजय तेवढा गालिच्यातली नक्षी बघत होता.

"दुरुस्त करशील?" सालिमने विचारलं.

तेव्हा माझ्या नवऱ्याने गाडीत जाऊन, मी अश्विनीला देऊन टाकला असं समजत होते त्या चकल्यांच्या डब्याखालून, लॅपटॉप काढला. मी नुसतं बघितलं. तेवढं पुरलं. पण डबीला जोडायची केबल तो पुण्यातच विसरला होता.

रुस्ताकच्या बाजारात रज्जाकभाईंचं इलेक्ट्रिकचं दुकान आहे. ते हर्णेचे, दुकानाच्या वरच राहतात. संजयने फोन केला आणि आम्ही गेलो. मीही गेले, कारण हे नाटक अर्धवट सोडणं मला शक्य नव्हतं. सगळा बाजार बंद. रज्जाकभाई लुंगीतच खाली आले.

"अवो, आज जुम्मा हाय! आक्खा मुलुख घरात बसलाय नि तुमाला केबल हवी? तुमाला म्हायती नाय काय?"

"चुकलं, चाचा," मिलिंद म्हणाला.

"वैनी, याला जरा समजवा," ते मला म्हणाले आणि शटर वर केलं. केबल मिळाली.

परत येऊन मिलिंद गालिच्यावर मांडी घालून बसला, लॅपटॉप मांडीवर, डबी शेजारी. सालिम त्याच्या बाजूला येऊन बसला, आणि दोघं बोलायला लागले. घड्याळ कुठून घेतोस, वीज गेली तर लक्षात कसं ठेवतो, रमजानमध्ये वेळा बदलतील त्याचं काय. मिलिंदच्या तोंडून शब्द धो धो येत होते. मध्येच त्याने मान वर केली, आणि तो चेहरा बघून मला गलबलून आलं. कॉलेजच्या लॅबमधून बाहेर येणाऱ्या ज्या मुलावर मी भाळले होते, तो हा होता. तो गेली तीन वर्षं आमच्या घरात दिसलाच नव्हता. एसी सुरू झाला आणि पोरांनी टाळ्या वाजवल्या, पण मला टाळ्या वाजवता आल्या नाहीत. माझी गंमत बघायची हौस संपली होती.

जेवण एकाच मोठ्या थाळ्यात आलं, भात आणि वर मटण, आणि मी हात आखडता घेतला नाही. निघताना सालिम म्हणाला, "नोकरी तुझीच आहे. व्होल्टेज म्हणाला असतास तर फक्त जेवण मिळालं असतं." त्याला मराठी येत नाही, पण कुजबुज कुठल्याही भाषेत कळते.

परतीच्या वाटेला लागण्याआधी रुस्ताकमधल्या अल कसफाच्या गरम झऱ्यापाशी थांबलो. इथे प्रवेशाला काही लागत नाही. संजय गाडीतच घोरत राहिला. आम्ही दोघं पाण्यात पाय सोडून बसलो. पाणी बऱ्यापैकी कढत आहे, पाय हळूच घाला.

"मला परवापासून माहीत आहे," मी म्हणाले.

तो दचकला. मग पाण्यातले पाय वर ओढून घेत म्हणाला, "सांगायला हवं होतं."

"हवंच होतं. डबीच्या आधी मला."

"मी नुसत्या स्लाइड्स बनवतोय गं. कसं चालतं हे कुणी विचारत नाही, कधी होईल एवढंच विचारतात. तुला सांगितलं असतं तर तू दवाखान्याचं विचारलं असतंस, आणि माझ्याकडे त्याचं उत्तर नव्हतं."

"ते अजूनही नाहीये."

"नाही."

मला राग आला होता, त्याची दयाही आली होती, आणि दुपारचा तो चेहरा डोळ्यांसमोरून हलत नव्हता. मी म्हणाले, "तू ये. मी नाही येणार." हे भांडण म्हणून सुरू केलं होतं, पण वाक्य पूर्ण होईपर्यंत तो निर्णय झाला होता.

आता मिलिंद मस्कतला आहे, एक वर्षाच्या करारावर. मी कोथरूडला. ओमानहून आणलेले खजूर संपले, लोबान अजून कपाटात आहे, तो लावला की शेजारच्या काकू काळजीने काय जळतंय विचारतात. प्रवास म्हणून विचाराल तर जरूर जा: दिवाळीनंतर, गाडी भाड्याने घेऊन, आणि नवरा इंजिनिअर असेल तर सामान तपासून.

पहिले दोन महिने मात्र जड गेले. त्याला सुट्टी शुक्रवार-शनिवारी, तेव्हा माझे हात कुणाच्या तरी दाढेत. मला सुट्टी रविवारी, तेव्हा तो त्याच्या डब्या शिकवत असतो. फोनवर आम्ही एकमेकांना फक्त दमलेले भेटायचो. त्याच्या कराराला वर्षाची मुदत होती, माझा रविवार मात्र माझ्याच हातात होता.

गेल्या आठवड्यात मी दवाखान्याची पाटी नव्याने रंगवायला रंगाऱ्याला बोलावलं. तेव्हापासून रोज एक तरी पेशंट विचारतो, "शुक्रवारी बंद? कसला उपवास धरलात, डॉक्टर?" रंगाऱ्याने तर ब्रश हवेत धरून पुन्हा पुन्हा विचारलं.

"मॅडम, रविवार चालू? नक्की?"

"नक्की," मी म्हणाले. "शुक्रवारी मी नवऱ्याबरोबर असते."