मिलिंदचा ओढा

माझ्या नवऱ्याने अमेरिका सोडली, ती ओढ्यातल्या गवतासाठी.

आज मिलिंदला जाऊन एक वर्ष झालं.

वायटूकेचे, म्हणजे सन दोन हजारच्या तोंडावरचे दिवस होते. पुण्यात ज्याला कोबोल येत होतं तो विमानात बसत होता. मिलिंदच्याही हातात ऑफर होती. तो मूळचा सिव्हिलवाला, पोटासाठी सॉफ्टवेअरमध्ये आलेला.

त्याने ऑफर नाकारली आणि पीएचडीला नाव घातलं.

विषय काय, तर दगडगोट्यांच्या ओढ्यात पाण्याखाली वनस्पती वाढल्या की प्रवाहाचं काय होतं.

सासूबाई तेव्हा नागपूरहून आमच्या विश्रांतवाडीच्या घरी आल्या होत्या.

"काहून रे, अमेरिका सोडून शेवाळ मोजून रायला तू?"

"शेवाळ नाही, आई. पाणवनस्पती."

"अन् घर कोण चालवते?"

त्याने शांतपणे माझ्याकडे बोट दाखवलं. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये नोकरीला होते.

एकदा तो मला कॉलेजच्या लॅबमध्ये घेऊन गेला. काचेच्या भिंतींची लांबलचक पन्हळ, तळाला गोटे, त्यावरून वाहतं पाणी. त्याने ड्रॉपरने जांभळा रंग सोडला.

नुसत्या गोट्यांवर रंग लगेच फाटला, भोवऱ्यांमध्ये विखुरला.

पुढे गोट्यांमध्ये लांब पात्यांची रोपं लावली होती. तिथे रंग पात्यांच्या वरून सुसाट गेला. शेंड्यांपाशी गोल गोल लोळला. आणि खाली, देठांमध्ये, जवळजवळ थांबलाच.

"बघ, एकाच पाण्यात किती वेगवेगळं चाललंय! छोटे मासे तिथे खाली येऊन दम खातात."

ऑफिसच्या दिवसांत मी त्याला इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं.

लॅबमध्ये रोपं टिकेनात. मग दर रविवारी स्कूटरवरून आम्ही शहराबाहेरच्या एका ओढ्यावर. तो पाण्याचा वेग मोजणार, मी गुडघाभर पाण्यात पट्टी धरून उभी.

"हलू नकोस ना. तुझ्या पायांनी टर्ब्युलन्स वाढतोय."

"मग दगडाशीच लग्न करायचं होतंस."

पावसाळ्यात मोजणी बंद ठेवली. पुढच्या हिवाळ्यात गेलो, तर ओढाच नव्हता.

शेजारी बंगल्यांची स्कीम येत होती. जेसीबीने गोटे उचलले होते, वनस्पती खरवडून काढल्या होत्या. उरला होता एक सरळ चर.

तिथला सुपरवायझर कौतुकाने म्हणाला, "साफ करून घेतला, मॅडम. किती घाण होती!"

मिलिंद काठावर बसून राहिला.

काही दिवसांनी म्हणाला, "जुन्या कंपनीत फोन करतो. घेतील मला."

"कर. पण आधी या रविवारी तिथलं पाणी मोजून येऊ."

"काय मोजायचं? तिथे काही उरलेलं नाही."

"मग तेच मोज."

मला हायड्रॉलिक्समधलं ओ की ठो कळत नव्हतं. त्याने फक्त उठून बाहेर पडावं, एवढंच मला हवं होतं.

आम्ही गेलो. त्याच जागा, तीच पट्टी. पाण्याला आवरायला आता काहीच नव्हतं. ते नुसतं धावत होतं आणि काठ पोखरत होतं. पावसाळ्यात तो काठ एका बाभळीसकट खचला.

आधीचे आणि नंतरचे, दोन्ही आकडे मिलिंदकडे होते. त्याच्या प्रबंधातलं सगळ्यात चांगलं प्रकरण त्यातूनच आलं.

कंपनीला फोन त्याने केलाच नाही. तो शिकवायला लागला. दर रविवारी पोरांना घेऊन ओढे पालथे घालायचा आणि दुपारी चिखलाचे बूट घालून थेट स्वयंपाकघरात यायचा. मी ओरडायचे.

मागच्या वर्षी आजच्याच दिवशी सकाळी त्याच्या छातीत कळ आली. हॉस्पिटलला पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

लेक म्हणते, "आई, बंगलोरला ये. एकटी काय करतेस तिथे?"

जाईन.

पण रविवारी दुपारी जिन्यात पावलं वाजली की अजूनही वाटतं, तूच आलास. मी गॅसवर चहाचं आधण ठेवते. पावलं वरच्या मजल्यावर निघून जातात.

तेवढं एक क्षणभर वाटणं मला आणखी थोडे दिवस हवंय, मिलिंद.

श्रद्धांजली वगैरे माझ्याच्याने लिहवत नाही.

फार आठवण येते रे.