ओर्झा, मुसळ आणि आमची सेनापती आत्या

थांबा, कुठे जाऊ नका, हे आत्ताच्या आत्ता लिहायलाच पाहिजे नाहीतर माझं डोकं फुटेल. आपल्या फॅन ग्रुपवर सकाळपासून एकच चाललंय, "तुमचा आवडता झुरांग कोण?" आणि सगळे तुर्घन, तुर्घन, तुर्घन. मान्य आहे, तुर्घन भारी आहे, शत्रूचा जबडा काढून त्याच्यात पाणी पितो, सगळं मान्य. पण माझ्याकडे सांगायला दुसरंच माणूस आहे. माझी आत्या. तिला आम्ही सेनापती म्हणायचो आणि या सिरीजचं वेड मला तिनंच लावलं.

ज्यांनी पाहिलीच नाही त्यांच्यासाठी पटकन सांगते. झुरांग म्हणजे परग्रहावरचे योद्धे. तीन हात, तिसरा छातीतून. चामडी चिंचेच्या सालीसारखी, रक्त शाईसारखं निळं, आणि डोळ्यांना पापण्याच नाहीत. नऊ पार्ट आलेत, आम्ही सगळे हिंदीत डब केलेलेच पाहिले, कारण आमच्या बीबी गावातल्या मोबाईलवाल्याकडे पेनड्राइव्हमध्ये तेच मिळायचे.

तर आत्या. ती पाहायला बसली की तिच्या शेजारी बसणं म्हणजे मार खाणं. पडद्यावर कुणी बुक्की मारली की तिची बुक्की माझ्या खांद्यात. कुणी लाथ घातली की माझी पोटरी गेली. आणि स्वतः डोळ्याची पापणी हलवायची नाही, झुरांगासारखीच. "अशी काऊन हलतं वं?" वर मलाच विचारायची. "नीट बस ना. आता त्याचं मुंडकं उडते पाय." आणि उडायचंच. आत्या टाळी वाजवायची आणि डब्यातली शेव तोंडात टाकायची.

ती आमच्याकडे आली तेव्हा मी सातवीत होते. सासर सुलतानपूरला. नवऱ्यानं दाराच्या फटीत तिचा डावा हात धरून दार लोटलं होतं. दोन बोटं कायमची वाकडी. का, तर भाजीत मीठ जास्त. ती कधी रडताना दिसली नाही, पण त्या बोटांवर कुणाची नजर गेली की हात पदराखाली जायचा. मग एका दुपारी मी सहज, वेळ जात नव्हता म्हणून दुसरा पार्ट लावला. त्यात ओर्झा नावाची झुरांग बाई आहे, तिच्याच टोळीतले लोक तिचा छातीतला हात तोडतात. ओर्झा खाली वाकते, तोच तुटलेला हात उचलते आणि त्याच हातानं सरदाराचं थोबाड फोडते. दात उडतात, निळं रक्त भिंतीवर. आत्या मटारच्या शेंगा सोलत होती. तिनं परात बाजूला ठेवली.

"पुन्हा लाव," म्हणाली.

त्या दिवशी तो सीन इतक्या वेळा लावला की आई स्वयंपाकघरातून ओरडली, "रुखमाताई, पोरीले काय दाखवून राह्यल्या हो तुम्ही!"

"शिकवून राह्यली वैनी. शाळेत हे नाही शिकवत."

त्या दिवसापासून आत्याचा पदर हातावर आला नाही. बाजारातून भेंडी घेताना सुद्धा वाकडी बोटं उघडी. भाजीवाल्यानं विचारलं, "बाई, हे काय झालं?" तर म्हणाली, "लढाईत गेले." त्या बिचाऱ्यानं भेंडी वरून दोन मुठी जास्त घातली.

झुरांगांचे नियम तिला पाठ होते. मारायच्या आधी स्वतःचं नाव आणि आईचं नाव सांगायचं, म्हणजे मरणाऱ्याला कळावं की कुणाच्या लेकीनं मारलं. पाठीमागून वार नाही. समोरच्यानं तोंड जमिनीकडे केलं की हात थांबवायचा. मी हे सगळं मनावर घेतलं. आठवीत एका पोरीनं माझा डबा सांडला आणि माझ्या आईवरून काहीतरी बोलली. मी पाय रोवले, छाती पुढे काढली आणि मोठ्यानं स्वतःचं पूर्ण नाव सांगायला लागले. आईच्या नावापर्यंत पोचलेच नाही. तिनं त्याआधीच नाकावर अशी हाणली की शर्टाची बटणं लाल झाली. घरी आले तर आत्यानं आधी नाक पाहिलं, हलवून पाहिलं, मग सगळी हकिकत ऐकली आणि खाटेवर पडून हसली.

"आवं, ते पिच्चरमधले थांबतात. हे पोट्टी काऊन थांबन?"

"मग नियम कशाला पाळायचे?"

"पाळ ना. नाव छोटं करून घे फक्त."

आता जे सांगायचंय ते. माझी दहावीची परीक्षा झाली होती. तोपर्यंत सासरहून निरोपावर निरोप यायला लागले होते, बाईला पाठवा, लोक नावं ठेवून राह्यले. आमचे बाबा भांडणाला घाबरणारे. एकदा जेवताना म्हणाले, "रुखमे, जाऊन तं पाय एकदा. सुधरला असंन तो."

आत्यानं घास खाली ठेवला. "दादा, मी गेली तं जिती वापस नाही येत. तू सांग, जाऊ का?"

बाबा ताटातलं वरण भाताशी कालवत बसले. मला त्या दिवशी बाबांचा इतका राग आला होता की काय सांगू.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी जीप आली. भर दुपार. आम्ही अंगणात वर्षाचं तिखट करत होतो, गिरणीतलं आत्याला चालायचं नाही. ती उखळात मिरच्या कांडत होती, मी चाळणी धरून, दोघींची तोंडं फडक्यानं बांधलेली. जीपमधून तिचा नवरा उतरला आणि त्याचा भाऊ. नवरा सरळ आला, नमस्कार नाही, पाणी नाही, आत्याचा अंबाडा मुठीत धरला आणि ओढत जीपकडे चालला. आत्या फरफटली. पाय घासून रक्त निघालं ते मला दिसलं. बाबा ओसरीवरून नुसते, "सोड ना गा, सोड ना, बोलू आपण बसून."

"बसून काय बोलाचं? माही बायको हाय!"

मुसळ तिच्या हातातून सुटलं नव्हतं. ती गुडघ्यावर उठली आणि अर्धवट वळून तिनं ते त्याच्या हातावर घातलं, कोपराच्या खाली. अंबाडा सुटला. हात जिथे वाकायला नको तिथे वाकला. तो ओरडतोय आणि ही दुसरा वार खांद्यावर घालून मग ओरडली, "रुखमा! गोदाबाईची लेक!" आधी मारलं, मग नाव. तो सुपातल्या मिरच्यांवर पडला, डोळ्यांत तिखट गेलं, नाकातून शेंबूड, तोंडातून रक्त, आणि लोळत लोळत त्यानं तोंड जमिनीकडे केलं.

आत्याचं मुसळ वरच थांबलं. ती खरंच थांबली हो. मी समोर होते, तिचा हात खाली आला नाही.

आणि तेवढ्यात त्या भावानं मागून जीपमधला लोखंडी पाना तिच्या कानावर घातला.

मी काय केलं मला नीट आठवत नाही, आई सांगते मी त्याच्या मनगटाला चावले आणि सोडलंच नाही. तोंडात खारट चव आली एवढं आठवतं. तो मला झटकायला दुसरा हात उचलणार, तर ओसरीवरून बाबा आले. आमचे बाबा! उखळातलं ताजं तिखट मूठभर घेतलं आणि त्याच्या डोळ्यांत, नाकात, तोंडात चोळलं, केस धरून चोळलं, आणि मग पडलेलं मुसळ उचलून पाठीत घातलं. "माह्या बहिणीले! माह्या अंगणात!" गल्ली गोळा झाली. दोघांना उचलून जीपमध्ये कोंबलं ते गल्लीतल्याच लोकांनी.

आत्याच्या कानामागे टाके पडले, त्या कानानं तिला ऐकू येत नाही. नंतर बैठक बसली. जाणती मंडळी पान खात म्हणाली, झालं गेलं विसर, नांदायला जातेस का? डोक्याला पट्टी बांधलेली आत्या म्हणाली, "त्याचा हात बरा झाला का? झाला असंन तं येतो म्हणा मी." बैठक तिथेच संपली. पुढे कोर्टातून त्या नवऱ्यापासून सुटका झाली. बाबा राहा राहा म्हणत होते, पण ती मलकापूरला गेली. स्टेशनच्या बाजूला एका खानावळीत पोळ्या करते, मागे तिची खोली आहे. तिच्या दाराची किल्ली तिच्याकडेच.

मधल्या वर्षांत माझं कॉलेज, तिची खानावळ, निवांत बसणं झालंच नाही. काल गेले होते तिच्याकडे. नववा पार्ट मोबाईलमध्ये घेऊन, दोघी मिळून पाहू म्हणून अजून पाहिला पण नव्हता! गेल्या गेल्या लावला. दहा मिनिटांत मारामारी सुरू, एकाचा हात पिरगळला, कडाड करून मोडला. आत्यानं मोबाईल उपडा ठेवला.

"बंद कर ते."

"काऊन वं आत्या? आता तर ओर्झा येऊन राह्यली!"

"येऊ दे. मले नाही पाहवत." मग म्हणाली, "तो आवाज खोटा हाय वं. हाड तुटते तं असं कडाड नाही वाजत. ओली फांदी पिरगळल्यावानी, बारीक वाजते. मले अजून येते ऐकू. ज्या कानानं काही ऐकू येत नाही ना, त्याच कानात."

मी म्हटलं, "पण तू बरोबरच केलं होतं ना?"

"केलं ना. पुन्हा आला तं पुन्हा करीन. पण मजा म्हणून बसून पाहणं नाही जमत आता. तू पाय. तुले कोण नको म्हणते?"

आणि ती कणीक भिजवायला उठून गेली, संध्याकाळची गिऱ्हाईकं यायची वेळ झाली होती. मी खाटेवर बसून आवाज बंद करून उरलेला पार्ट एकटीनं पाहिला. भारी आहे, लय भारी आहे, ओर्झाचा सगळ्यात भारी सीन याच पार्टात आहे. संपल्यावर मी दारापर्यंत गेले, ती पाठमोरी पोळ्या लाटत होती. ओर्झाचा तो सीन मी तिला सांगितला नाही.

म्हणून इथे लिहितेय. खरं सांगा, तुमच्यासोबत झालंय का असं? ज्या माणसानं वेड लावलं तेच माणूस मधूनच उठून गेलं, आणि तुम्ही एकटेच पाहत बसलात, असं?