गोठलेली तिळाची वडी

आज तीळ भाजल्याचा वास आला आणि एकदम कोलोरॅडोतली ती संक्रांत आठवली यार! कुकर कोणी घासायचा यावरून रूममेट आणि मी महिनाभर बोलत नव्हतो, आणि संक्रांतीच्या दुसऱ्याच दिवशी तो जॉबसाठी कायमचा टेक्ससला चालला होता. तरी दोघं फोटो काढायला घराजवळच्या पॉइंटवर गेलो, पायथ्यापर्यंत कारने आणि पुढे बर्फातून चढून, कारण कार माझी आणि नवा डिजिटल कॅमेरा त्याचा. वर नुसते पांढरे डोंगर, आणि वारा असा की ओठ बधिर. मी आईने पाठवलेली वडी त्याच्यापुढे धरली, ‘तिळगूळ घे, गोड बोल’ म्हणायला गेलो, तर ‘ति... गो... बो’ एवढंच निघालं. तो म्हणाला, ‘‘मराठीत बोल की साल्या!’’ वडी दगडासारखी, चावेचना, म्हणून दोघंही एकेक वडी गालात धरून गपचूप उतरलो. विरघळेपर्यंत घर आलं. त्याचा नंबर अजून आहे माझ्याकडे, पण फोन हातात घेतला की ओठ तसेच होतात.