राखणदाराची बाटली

सुनंदाचा फोन आला तेव्हा मी मांडवीच्या घरी बांगडे साफ करत होते. हात माशाचे, म्हणून कोपरानेच फोन चालू केला. "ताई, हे उठत नाहीत हो," एवढंच ती म्हणाली. सुनंदा माझी धाकटी जाऊ. तिचा नवरा, माझा दीर विनायक, पावस गावच्या आमच्या बागेत दुपारी जेवून खाटेवर आडवा झाला होता, तो तसाच गेला. मासे ओट्यावर सोडून मी रिक्षा केली. वाटेत रडू आलं नाही, राग आला. वर्षभर आमचं एका गोष्टीवरून भांडण चाललं होतं आणि ते अर्ध्यावर टाकून हे निघून गेले... आता मी भांडू कुणाशी?

विनूभावोजी एरवी इतकं हळू बोलायचे, की समोरच्याला दोनदा विचारावं लागे. पण बागेत गाऱ्हाणं घालायला उभे राहिले की आवाज बागेच्या दगडी गडग्यापलीकडे जायचा. आमच्या बागेच्या वरच्या अंगाला, कातळ सुरू होतो तिथे, एका जुन्या कलमाखाली जांभा दगड आहे. तो आमचा राखणदार. हंगामाचा पहिला आंबा त्याला, आणि बागेतून जो माल बाहेर निघेल त्यातला मान आधी त्याला. मान वेगळा आणून ठेवायचा नाही, निघालेल्या मालातूनच काढायचा, ही सासऱ्यांपासूनची रीत. भावोजी हात जोडून म्हणायचे, "बा राखणदारा, लेकरं तुझी, माल तुझा, वाट सांभाळ," आणि मागे उभे असलेले आम्ही सगळे म्हणायचो, "होय महाराजा." मी आपली ओठांतल्या ओठांत म्हणायची. शाळेत इंग्रजी शिकवलेली बाई मी, दगडाला काय हाका मारायच्या!

डागी आंबा मातीमोल जातो हे त्यांच्या जिवाला लागायचं. चवीला तोच हापूस, पण सालीवर ठिपका पडला की कॅनिंगवाला सांगेल तो भाव. त्यातून त्यांनी आंब्याची वाइन करायचं डोक्यात घेतलं. मी तोंडसुख घेतलंच. म्हटलं, ज्या घरात सत्यनारायण होतो त्या घरात दारू गाळणार? ते हसले. "वहिनी, आपले पणजोबा माडी काढायचे. सरकार तेव्हा माडामागे कर घ्यायचं. आपल्या घराला ना दारू नवी, ना कर." आणि खरंच, दोन-तीन वर्षं हात पोळून घेतल्यावर अशी वाइन उतरली, की वासाने मे महिना आठवावा. वासच म्हणते हो, चाखली मी कधीच नाही.

मग ती परदेशी पाठवायची हौस. उत्तरेकडचा एक थंडगार देश, तिथला एक व्यापारी घ्यायला तयार झाला. तिकडचे कागद वाचायचं काम अर्थातच माझ्याकडे. संध्याकाळी ते मांडवीला यायचे, चपला दारात नीट जोडून ठेवायचे आणि पडवीत बसून विचारायचे, आज काय म्हणतो तुमचा साहेब? कागदांतला साहेब म्हणायचा, नुसतं वाइन लिहू नका, ते नाव तिकडे द्राक्षाचं, तुम्ही फळाची वाइन लिहा. मद्यार्क किती ते छापा आणि बाटलीत तेवढाच असू द्या, कारण कर त्याच्यावर बसतो, जितकी कडक तितका जास्त. टिकायला अमुक रसायन घातलं असेल तर ते लिहा, गरोदर बाईने पिऊ नये म्हणून तिचं चित्र टाका, अक्षर इतकं मोठं हवं. लेबलं किती वेळा बदलली देव जाणे. "माझ्या हापूसला तिकडे द्राक्षाला विचारून नाव ठेवायचं," ते म्हणायचे. पण चिडायचे नाहीत. सगळं केलं त्यांनी, शहाण्या मुलासारखं केलं.

माल निघाला तो दिवस मला स्वच्छ आठवतो. निर्यातीचा माल, त्यावर इथला कर भरलेला नाही, म्हणून उत्पादन शुल्काचे साहेब सकाळीच येऊन बाटल्या मोजून, कागदावर सही करून जेवायला गेले. परत येऊन गाडीला सील ठोकणार होते. तेवढ्यात भावोजींना मान आठवला. त्यांनी वरचा खोका उघडला, एक बाटली काढली, खोका पुन्हा चिकटवला आणि आम्हाला घेऊन कलमाखाली गेले. बाटली बंदच ठेवली दगडापाशी. त्यांच्या मते यात विचारण्यासारखं काही नव्हतं. राखणदाराचं देणं म्हणजे काय चोरी?

हत्ती गेला आणि शेपूट राहिलं. तिकडच्या गोदामात मोजणी झाली, एक बाटली कमी. व्यापाऱ्याने माल घ्यायचा थांबवला. भावोजी म्हणाले, तिचा कर मी भरतो. उत्तर आलं, प्रश्न कराचा नाही, ती बाटली आहे कुठे ते सांगा. कर चुकवून आमच्याच देशात विकली असेल तर? आमच्याकडचे साहेब बिचारे भले. म्हणाले, देवाला दिली असं कागदावर चालायचं नाही, बाटली आणून द्या, मी सरकारी कुलपात ठेवतो आणि बाहेर गेलीच नाही असं लिहून देतो, सुटाल. म्हणजे कलमाखाली जायचं, वाकायचं आणि उचलायची. बस्स!

भावोजी नाही म्हणाले.

मी पडवीत उभी राहून ओरडले त्यांच्यावर. सुनंदा रडली. हंगाम जातो, नाव जातं, इतक्या वर्षांची मेहनत जाते, आणि तुम्ही एका दगडासाठी अडून बसता? ते खाली मान घालून चपलांकडे बघत राहिले. मग त्यांच्या त्या हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, दिलेलं परत मागायला तोंड कुठलं आणू?"

मुदत संपली. परत आणायचा खर्च झेपणारा नव्हता. तिकडच्या माणसांनी सगळा माल नियमाप्रमाणे ओतून टाकला. तसं पत्र आलं, तेही मीच वाचून दाखवलं. त्यानंतर भावोजींनी पिंपं धुवून पालथी घातली आणि मांडवीला येणं कमी केलं. डॉक्टर म्हणतात हृदय आधीपासूनच कमजोर होतं. असेल. मला मात्र सुखाने झोप लागत नाही. ते बरोबर होते की मी, हे मला अजून कळत नाही, आणि न्याय करायला कोणी उरलं नाही.

तेरावं झाल्यावर मी एकटीच वर गेले. मनात होतं, बाटली घरी आणायची. सगळ्या मालातली तेवढीच एक शिल्लक, सुनंदाकडे आठवण राहील. आणि खरं सांगायचं तर त्या राखणदाराला चार शब्द सुनवायचे होते... तुझी राहिली रे, आणि त्याची सगळी गेली. बाटली होती. तिथे गडी येतात, राखणीचे गुरखे येतात, पण कुणी शिवलेलं नव्हतं. पाचोळ्यात अर्धी बुडालेली, लेबल उन्हाने विटलेलं, त्यावर मी तपासलेली परकी अक्षरं आणि ती गरोदर बाई. मी पदराने धूळ पुसली. वाकले, बाटलीच्या गळ्याला हात घातला.

नाही उचलवली. एक बाटली उचलायला काय जातं, असं वर्षभर ज्यांना बोलले, त्यांच्या जागी उभी होते मी, आणि हात वर येईना.

तशीच ठेवली. हात जोडले. गाऱ्हाणं मला येत नाही आणि घालणारा राहिला नाही. चांगलं मोठ्याने, गडग्यापलीकडे जाईल असं, मी नुसतंच म्हटलं, "होय महाराजा."