उघड्या पाठीचं विमान

विमान पूर्ण दिसलं की ज्याचा हिरमोड होतो, असा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो माझा घरमालक होता. बँकेतून बदली होऊन मी बीदरला आलो आणि त्यांच्या माडीवर राहू लागलो. सगळी गल्ली त्यांना अप्पा म्हणे, मीही म्हणू लागलो. वर्तमानपत्राच्या कागदावरचा, भज्याचं तेल लागलेला, बोटभर फोटो त्यांच्यापुढे धरावा. त्यात पंखाचं नुसतं टोक आणि त्याला चिकटलेलं काहीतरी लांबुळकं दिसत असावं. अप्पांनी तोंडातलं भजं तसंच गालात धरून सांगावं, "कॅनबेरा. टोकाला तेलाचं पिंप लावलंय बघा." पण रंगीत कॅलेंडरवर अख्खं, चकचकीत, चाकांपासून शेपटीपर्यंत विमान दाखवलं, तर ते भिंग बाजूला ठेवत. "सगळंच दिसायलंय की सर. ह्याच्यात वळखायचं काय?"

गावाबाहेरच्या कोळार औद्योगिक वसाहतीत त्यांचं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. जळालेल्या मोटारी उघडायच्या, जुनी तार काढून नवी भरायची, यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. विमानाशी त्यांचा संबंध यायचं काही कारण नव्हतं. विमानात ते कधी बसले नाहीत. हैदराबादला जायचं तर बसने, तेही ड्रायव्हरच्या मागच्याच सीटवर, कारण त्याच्या मागे गेलं की त्यांना मळमळे. पण तरुणपणी हैदराबादहून सुट्या भागांची खोकी यायची आणि भाग एकमेकांना घासू नयेत म्हणून त्यांत परदेशी मासिकांची फाटकी पानं कोंबलेली असत. एका पानावर कुठल्याशा विमानाचं नाक, दुसऱ्यावर भलत्याच विमानाची शेपटी. उरलेलं विमान अप्पांनी मनानेच पुरं करायचं. असं पुरं करता करता ते शिकले. पुढे रद्दीवाल्यांशी दोस्ती झाली, पेट्या भरल्या, आणि एके दिवशी अक्कांनी, म्हणजे त्यांच्या पत्नींनी, ज्वारीची कोठी उघडली तर आत ज्वारीऐवजी दुसऱ्या महायुद्धातली बाँबफेकी विमानं निघाली.

बीदरच्या डोक्यावर रोज सकाळपासून सरावाची विमानं घरघरत असतात. त्यामुळे वाक्याच्या मधोमध थांबायची सवय आम्हा सगळ्यांनाच आहे. विमान गेलं की उरलेलं वाक्य पुरं करायचं. इथली भांडणंसुद्धा अशी थांबतात आणि पुन्हा त्याच शिवीपासून सुरू होतात. बाहेरगावचा पाहुणा आला की धावत अंगणात जाऊन वर बघतो. अप्पा मान वर करत नसत. त्यांना विमान हवं ते फोटोतलं, तेही जुनं, आणि शक्यतो बरंचसं झाकलेलं. थोरल्या मुलीच्या लग्नाच्या फोटोंपैकी त्यांनी भिंतीवर एकच लावला होता. त्यात नवरी कानापासून पुढे कापली गेली आहे, जावई डोळे मिटून उभे आहेत, पण मांडवाच्या झालरीवर, डाव्या कोपऱ्यात, मुंगीएवढं एक किरण जातीचं विमान आहे. "जावई पयल्या दिवाळीला आले, त्यो फोटो बघितले," अक्का सांगत, "तवापासून त्या भिंतीकडं पाठ करूनच बसायलेत."

मी आलो तोवर अप्पा फोनवरच्या एका गटात सामील झाले होते. देशोदेशीची माणसं तिथं जुन्या लष्करी विमानांचे फोटो टाकत. पुसट, फाटके, कुणाच्या तरी आजोबांच्या ट्रंकेत सापडलेले. बाकीच्यांनी ते ओळखायचे. अप्पांना इंग्रजी समजे, पण लिहायचा कंटाळा. म्हणून संध्याकाळी बँकेतून आलो की मी त्यांच्या कट्ट्यावर बसून लेखनिकाचं काम करी. एकदा झाडीत पडलेल्या सांगाड्याचा फोटो आला. विमान कसलं, वाकलेली दोन ताटं दिसत होती. गट दोन दिवस भांडत होता. अप्पा म्हणाले, "लिबरेटर. चार इंजिनाचं. शेपटीला अशी दोन ताटं उभी करून दुसरं कोण फिरतंय?" मी 'ताटं' शब्दाचं इंग्रजी करण्यात बराच घाम गाळला. चूक मात्र त्यांना सोसत नसे. दोन शेपट्यांच्या एका विमानाला एकदा त्यांनी दुसऱ्याच दोन शेपट्यांच्या विमानाचं नाव दिलं. चूक कळल्यावर जेवले नाहीत, आणि गटावर दखनीत चार मिनिटांची तोंडी माफी पाठवली. कुणाला शब्द कळला नाही, पण सूर कळला. परदेशातल्या एका सभासदाने विचारलं, कुणी वारलं का?

आमच्या बँकेत बसवकल्याणकडच्या कोहिनूर गावच्या एक बाई यायच्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, साठी ओलांडलेल्या, नाकावरचा चष्मा सारखा वर सरकवणाऱ्या. त्यांचे वडील, घरात त्यांना दादा म्हणत, सैन्यात होते आणि गावात सगळे त्यांना 'विमानवाले' म्हणत. आता गावच्या शाळेत वडिलांचा फोटो लावायचं ठरलं होतं. खाली 'लढाऊ विमानाचे वैमानिक' असं लिहायचं, फक्त विमानाचं नाव हवं होतं. फोटोत विमान दिसत नाही म्हणून बाई हिरमुसल्या होत्या. मी मोठ्या ऐटीत म्हणालो, "आमच्या अप्पांकडे चला. न दिसणारंच विमान त्यांना लागतं."

फोटोत एक किडकिडीत तरुण एका अंधाऱ्या गोदामाच्या तोंडाशी उभा होता. वर छपराचे असावेत तसे दोन वासे पुढे आलेले. अप्पांनी भिंग लावलं आणि त्यांचा चेहरा उजळत गेला.

"हे गोदाम न्हाई," ते म्हणाले.

"आमी तर आजवर गोदामच समजत होतो," बाई म्हणाल्या.

"विमानाची उघडी पाठ हाय ही. मागचे दरवाजे काढून ठेवलेत. हे वासे न्हाईत, शेपटी धरणारे दोन दांडे हायत. आन् वर ह्यो आडवा हंडा दिसायलाय न्हवं? जास्तीचं जेट इंजिन. डोंगरात चढायला पाठीवर बसवलेलं. पॅकेट! सर, असा फोटो मी पयल्यांदाच बघायलोय."

बाईंनी वहीत 'पॅकेट' लिहून घेतलं. "म्हंजे लढाऊच ना?"

"छे! मालवाहू. पोती नेणारं."

"पण दादा पायलट होते आमचे."

"पायलट न्हवते," अप्पा त्याच आनंदात म्हणाले. "कमरेला पट्टा बघा, त्याचा दोर आत गेलाय. हे मागच्या तोंडाला उभं राहून पोती ढकलणारे. पायलट पुढं बसतोय, त्याला दोर कशाला बांधतेत?"

बाईंनी पेनाचं टोपण लावलं. "चुकला असाल तुमी," त्या हळू म्हणाल्या. "ह्याच्यात न्हाई चुकत मी," अप्पा म्हणाले. बाईंनी फोटो रुमालात गुंडाळला, मला नमस्कार केला आणि चहा न घेता गेल्या. कप तसाच राहिला, वर साय धरली. अप्पा अजून पाठीवरच्या इंजिनाबद्दलच बोलत होते. अक्का दारात उभ्या होत्या.

"साठ वर्सं त्या लेकीचा बाप विमान चालवायला होता," त्या म्हणाल्या. "तुमी चहा निवायच्या आत खाली उतरवलाव त्याला."

"मग खोटं बोलू का?"

"खोटं बोला म्हणून कोण म्हणायलंय? त्यो माणूस तिथं उभा राहून करायला काय होता, ते तरी सांगाव का न्हाई?"

त्या विमानाचं वजन अप्पांना पाठ होतं, पंखांची लांबी पाठ होती. दाराशी दोर बांधून उभा राहिलेला माणूस दिवसभर काय करतो, हे त्यांना ठाऊक नव्हतं. तीन दिवस त्यांनी गटाकडे पाहिलं नाही. चौथ्या दिवशी मला म्हणाले, "सर, एक इचारायचंय. ल्ह्या." आणि त्या गटावर बहुधा प्रथमच असा प्रश्न गेला की ज्यात विमान कोणतं ते माहीत होतं आणि माणूस माहीत नव्हता.

उत्तर आलं ते त्याच विमानांवर काम केलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थाचं. हिंदीत, थांबत थांबत बोललेलं. बर्फाच्या डोंगरांवर चौक्या, तिथं रस्ता नाही, विमान उतरायला जागा नाही. पीठ, तांदूळ, रॉकेल, सगळं वरून टाकायचं. खाली एवढीशी सपाटी, ती क्षणात मागे जाते. घंटा वाजली की तेवढ्यात सगळी पोती बाहेर गेली पाहिजेत. एखादं आत राहिलं तर पुन्हा त्या दरीत वळसा. म्हणून दारातल्या माणसाने दोन्ही पाय रोवायचे, दोन्ही तळवे लावायचे आणि ओरडत ढकलायचं. दोर एवढ्यासाठी, की पोत्याबरोबर तो स्वतः जाऊ नये. अप्पांनी ते तीनदा ऐकलं. मग विचारलं, "कोहिनूरला गाडी कितीला हाय?"

रविवारी आम्ही बसवकल्याणच्या बसमध्ये बसलो आणि तिथून वडापच्या रिक्षाने कोहिनूरला गेलो. दोन्ही बाजूंना तूर फुलली होती. वाटभर अप्पा ओठ हलवत मनाशी काहीतरी घोकत होते. बाईंनी आम्हाला बघून 'या' म्हटलं, पाणी दिलं आणि उंबऱ्याशी बसल्या.

अप्पा खुर्चीवर बसेनात. "बाई, त्या दिवशी मी अर्धंच सांगितलो," ते म्हणाले. "अर्धं मला बी ठावं न्हवतं." आणि पायजम्यातला, सत्तरीच्या पुढचा तो माणूस अंगणात उभा राहून सांगू लागला. डोंगर, बर्फ, उघडं दार, घंटा. सांगता सांगता त्यांनी पाय फाकवून रोवले, तुळशीकट्ट्याला दोन्ही तळवे लावले आणि जोर करून ओरडले, "जा! जा!"

बाई उभ्या राहिल्या.

"हे तुमाला कुणी सांगितलं?"

"काय?"

"हे... जा, जा."

अप्पा गांगरले. "असं ओरडत असतेत म्हणं. जोर लावायला."

बाईंनी चष्मा काढून हातात धरला. "शेवटच्या दुखण्यात दादा कुणालाच वळखत न्हवते," त्या म्हणाल्या. "मी पाणी पाजायला वाकले की दोन्ही हातानं मला ढकलायचे. जा, जा म्हणायचे. दुसऱ्या कुणाला न्हाई हो, जवळ मीच असायची. मी कुणाला सांगितलं न्हाई कधी. वाटायचं, काय चुकलं माझं, कामून मलाच घालवायलेत."

"दोन्ही हातानं?" अप्पांनी विचारलं.

"व्हय."

"आन् पाय?"

"खाटेच्या गजाला रोवलेले."

अप्पांनी तुळशीकट्ट्यावर पुन्हा तळवा ठेवला. "पोतं आत राहू न्हाई म्हणून," ते म्हणाले. "खाली लोकं उपाशी असतेत की."

बाई आत गेल्या. बराच वेळ आल्या नाहीत. आम्ही दोघं अंगणात, काय करावं न कळून, एकमेकांची नजर चुकवत बसलो. मग आतून फोडणीचा वास आला आणि बाई चुरमुऱ्यांचा गरम सुशीला ताटल्यांत घेऊन बाहेर आल्या. वर शेंगदाणे भरपूर होते. डोळे लाल होते, आवाज स्वच्छ होता. "दादा एकदा म्हणाले होते," त्या म्हणाल्या, "मी वरून पीठ टाकायलो होतो म्हणून. लोक हसले गावात. मग आईनंच पायलट म्हणायला सुरू केली. दादा पुन्हा बोललेच न्हाईत." अप्पांनी दोनदा सुशीला मागून घेतला. शाळेतल्या फोटोखाली पुढे काय लिहायचं यावर मुख्याध्यापकांची बरीच कुरकुर झाली म्हणे. वैमानिक म्हटलं की कसं वजन येतं, असं त्यांचं म्हणणं. बाईंनी स्वतः रंगाचा डबा आणून, वर्गात फळ्यावर काढायच्या त्याच गोल अक्षरात लिहिलं : 'यांनी बर्फातल्या चौक्यांना अन्न पोचवले.'

त्या रविवारी परतीच्या बसमध्ये ड्रायव्हरमागची सीट मिळाली नाही. मी धास्तावलो, पण अप्पांना मळमळलं नाही. हुमनाबाद मागे गेल्यावर ते एवढंच म्हणाले, "आत माणूस असतंय हे ध्यानातच न्हवतं सर."

आता बदलीवर मला कलबुर्गीला येऊन दोन वर्षं होत आली. अप्पांच्या डोळ्यांत मधोमध डाग पडला आहे, कडेचं तेवढं दिसतं, भिंगाचा उपयोग राहिला नाही. गटावर एखादा फोटो आला की तो ते मला पाठवतात आणि संध्याकाळी फोन करतात. "सांगा सर, काय काय दिसायलंय?" मला विमानातलं अजूनही कळत नाही. मी आपला इंजिनं मोजतो, शेपटीचा आकार सांगतो, ते तिकडून हुं हुं करतात आणि नाव सांगून मोकळे होतात. परवाच्या फोटोत एक जुनं विमान होतं, मागे पांढरा डोंगर, आणि शिडीच्या पायरीवर एक पोरगेला सैनिक बसला होता. मी मागचा बर्फाचा डोंगर सांगितला आणि पंखापासून सुरुवात केली.

"विमान असू द्या," अप्पा म्हणाले. "कोण हाय का तिथं?"

"आहे. एक जण शिडीवर बसलाय."

"काय करायलाय?"

"हसायलाय."

मग त्यांनी विचारलं, "त्याच्या अंगात स्वेटर हाय का, सर?"

मी फोटो बोटांनी मोठा करून पाहिला. अर्ध्या बाह्यांचा शर्ट होता, वरचं बटणही उघडं.

"आहे अप्पा," मी म्हणालो. "चांगला जाडजूड आहे."