भाऊजींची रविवारची साक्ष

आपण पूर्वी किती वाईट होतो हे सांगताना आमच्या भाऊजींइतका खुलणारा माणूस छिंदवाड्यापासून नागपूरपर्यंत तरी माझ्या पाहण्यात नाही. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. राहणार सौंसर, काम संत्र्याच्या नर्सरीत कलमं बांधण्याचं. दर रविवारी सकाळी इस्त्रीचा सदरा घालून ते पाळकांच्या घरी भरणाऱ्या ख्रिस्ती संगतीला जातात. पत्र्याची पडवी, तीस-चाळीस माणसं, एक ढोलक, आणि उपासनेनंतर चहा. तिथला रिवाज असा की, ज्याला प्रभूचे उपकार मानायचे असतील त्यानं उभं राहून साक्ष द्यायची, म्हणजे आपण कसे होतो आणि कसे झालो ते थोडक्यात सांगायचं. यातलं 'थोडक्यात' भाऊजींनी कधी मनावर घेतलं नाही. ते उभे राहिले की आया मांडीवरची लेकरं सतरंजीवर निजवतात आणि ढोलकवाला ढोलक बाजूला ठेवून भिंतीला टेकतो.

मी पांढुर्ण्याला मास्तरकी करतो, त्यामुळे चुका मोजण्याची सवय. भाऊजींची साक्ष मी इतक्या वेळा ऐकली आहे की, ती कशी वाढत गेली हे मला नीट सांगता येईल. पहिल्या वर्षी ते रोज पावशेर प्यायचे. तिसऱ्या वर्षी बाटली झाली, आणि आता तर सौंसरच्या गुत्तेवाल्याचं दुमजली घर यांच्याच जिवावर उभं राहिलं असं ते शपथेवर सांगतात. बसस्टँडवर एका शिपायाशी झालेल्या भांडणात आता चार शिपाई आहेत, आणि चौघेही पडलेले आहेत. खरं म्हणजे त्या दिवशी शिपाई यांना "घरी जा" म्हणाला होता आणि हे निमूटपणे घरी गेले होते. बायकांच्या बाजूनं ताई पुटपुटते, "इतका पराक्रम कधी केला बाप्पा यायनं?" मी एकदा त्यांना याबद्दल छेडलं, तर मलाच समजावू लागले. "मास्तर, मी जेवढा खाली दिसन, तेवढी त्याची कृपा वर दिसन. मी कमी करून सांगतलं तं प्रभूचं नुकसान होते न!"

आभार मानण्यातही त्यांचा हात सैल आहे. बस वेळेवर आली तर आभार, उशिरा आली तर बसायला सावली मिळाली म्हणून आभार. आमच्याकडे आले की चहाच्या कपावर डोळे मिटून उपकारस्तुती सुरू करतात. चहा पिकवणारे, दूध काढणारे, कप घडवणारे यांच्यापर्यंत सगळे आटोपून 'आमेन' होईस्तोवर चहावर जाड साय धरते, आणि माझी बायको मुकाट्यानं पातेलं परत गॅसवर ठेवते. एकदा रामाकोना गावाजवळ माझी स्कूटर बंद पडली. मी मेकॅनिकला फोन लावत होतो, तोवर यांनी तापलेल्या इंजिनावर दोन्ही हात ठेवून प्रार्थना आरंभली. हात चांगलेच पोळले. जवळच्या शेतातल्या बाईनं माठातलं गार पाणी हातांवर ओतलं, तर लगेच त्या पाण्याबद्दल दुसरी प्रार्थना! स्कूटर शेवटी मेकॅनिकनंच सुरू केली, पण त्यालाही प्रभूनंच पाठवला होता म्हणे. नर्सरीतही प्रत्येक कलम बांधून झाल्यावर ते क्षणभर डोळे मिटतात. मी मालकाला विचारलं, अशानं कलमं जास्त जगतात का? तो म्हणाला, "जगतात तेवढीच. पन आता मले कोनी मायबहिनीवरून शिव्या देत नाही, हे काय कमी आहे?"

हा बदल कसा घडला, तो भाग मात्र भाऊजी कधी फुगवून सांगत नाहीत. त्यांना कावीळ झाली होती आणि दवाखान्यात ठेवलं होतं. त्या सुमारास त्यांना भेटायला येणारं कुणी उरलं नव्हतं. एका दुपारी पाळक आणि संगतीची चार माणसं डबा घेऊन आली. ती आली होती भाऊजींच्या आधी त्याच पलंगावर असलेल्या माणसासाठी, आणि तो सकाळीच घरी गेला होता. गोंधळली बिचारी. मग पाळक म्हणाले, आलोच आहोत तर यांच्यासाठी प्रार्थना करू, आणि डबाही परत कशाला न्यायचा? त्यात मऊ खिचडी होती. दुसऱ्या दिवशी ती माणसं पुन्हा आली, या खेपेला भाऊजींचं नाव विचारत. पुढे महिनाभर कुणी ना कुणी येत राहिलं, कुणी पाय चेपून दिले, कुणी नुसतंच उशाशी बसलं. "मास्तर," भाऊजी म्हणतात, "ते चुकून आले होते, पन गेले नाही."  त्यानंतर त्यांनी दारूला हात लावला नाही, हे मी स्वतः पाहिलं आहे.

असं असूनही ताईचं आणि माझं धड नव्हतं. सोळा वर्षांपूर्वी मोहगावला आमची आई गेली. ती अत्यवस्थ असल्याचा निरोप ताईला दुपारीच धाडला होता. सौंसरहून मोहगाव असं कितीसं लांब! पण ताई आली दुसऱ्या दिवशी, सगळं उरकल्यावर. आईचं तोंडसुद्धा तिला दिसलं नाही. "बस चुकली," एवढंच बोलली. मी भरल्या घरात तिला म्हणालो, "आईपेक्षा तुला तुझा संसार जड झाला." ती उठून आत गेली. त्यानंतर दिवाळी, भाऊबीज सगळं रीतसर होत राहिलं, पण आईचा विषय आमच्यात पुन्हा निघाला नाही. भाऊजींची थट्टा करताना माझी जीभ सैल सुटायची आणि सख्ख्या बहिणीशी बोलताना शब्द मोजून यायचे.

मागच्या उन्हाळ्यात भाऊजींनी संगतीला एका वेल्डिंगवाल्या मिस्त्रीला आणलं. माणूस पिण्यापायी घरादाराला मुकला होता. त्याच्यासाठी म्हणून भाऊजींनी त्या दिवशी आपली साक्ष ठेवणीतली दिली. शिपाई चाराचे सहा झाले. मिस्त्री डोळे मोठे करून ऐकत होता, आणि संपल्यावर प्रसन्न चेहऱ्यानं उठून म्हणाला, "पास्टरसाहेब, यायच्यासमोर तं मी देवमानूस हाव! मी तं फक्त संध्याकाळीच घेतो." आणि चहा न घेता, हलक्या मनानं, चालता झाला. पडवीत हसू उसळलं. भाऊजी तेवढे हसले नाहीत. पाळकांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाले, "भाऊ, घडलं तेवढंच सांगत जा. प्रभूला पदरचं घालून दिलेलं लागत नाही."

त्यानंतर पाच रविवार भाऊजी उभेच राहिले नाहीत. लोकांना चुकल्याचुकल्यासारखं वाटू लागलं. ताईनं फोनवर सांगितलं, "जेवून नाही राहिले धड. इचारलं तं म्हनते, खरं सांगाची हिंमत होऊन नाही राहिली." सहाव्या शनिवारी त्यांचा मला फोन आला. "मास्तर, उद्या येजा. तुमी असल्याबिगर बोलता येत नाही मले." मी गेलो. मिस्त्रीलाही त्यांनी हाताला धरून आणलं होतं.

भाऊजी उभे राहिले. आयांनी सवयीनं लेकरं निजवायला घेतली. "माही सासू मोहगावले शेवटच्या घटका मोजून राहिली होती," ते म्हणाले. "माही घरवाली पिशवी घेऊन दारात उभी. मी म्हनलं, बसनं काहून जातं, थांब, गाडी घेऊन येतो. आन जाऊन गुत्त्यावर बसलो. शेवटची बस गेली तरी तिनं माही वाट पाह्यली. सकाळी घरी आलो तं पिशवी मांडीवर घेऊन तशीच बसून होती. माहेरी जाऊन तिनं माह्यासाठी खोटं सांगतलं. भावानं बोल लावला, थो बी ऐकून घेतला. दुनियाभरच्या गोष्टी मी इथं सांगतल्या, ही सांगतली नाही." आणि ते खाली बसले. लेकरं अजून जागीच होती. कुणी 'हालेलूया' म्हटलं नाही. मिस्त्री खाली मान घालून बसला होता. चहा झाल्यावरही तो बराच वेळ उठला नाही. आता येतो अधूनमधून, कधी शुद्धीत, कधी नाही.

ताई मागच्या अंगणात कप विसळत होती. मी जाऊन शेजारी बसलो. "का नाही सांगितलंस?" मी विचारलं. "यायले तू जित्ता सोडला असता का तवा?" ती म्हणाली. मग मलाही गप्प राहवेना. मी म्हणालो, "ताई, आईनं शेवटी तुझंच विचारलं होतं. 'पोरगी निघाली असंन, तिच्यासाठी भाकर झाकून ठेवजो,' म्हणाली. मी तुझ्यावर राग धरून हे तुला सांगितलंच नाही."

ताईचे हात थांबले. तिनं विचारलं, "ठेवली होती का रे?"

"ठेवली होती. तू आलीस तेव्हाही ती टोपलीखाली तशीच होती. मी दिली नाही तुला. तू झोपल्यावर गाईला घातली."

ती पदर तोंडाला लावून रडली, आणि माझाही धीर सुटला. भाऊजी दाराशी उभे होते. ते खाली बसून उरलेले कप धुवू लागले.

त्या संगतीत मी अजून पाहुणाच आहे, पुढचं ठाऊक नाही. पण त्या माणसांचे माझ्यावर उपकार आहेत, आणि ते मानायला मला आता संकोच वाटत नाही. भाऊजींची साक्ष हल्ली दोन मिनिटांत आटोपते, शिपाई तर पार नाहीसे झाले, आणि खरं सांगतो, मला कधीकधी त्यांची आठवण येते. ताई मात्र बोलती झाली आहे. फोन केला की आधी माझी खबरबात घेते आणि मग म्हणते, "आईची एक गोष्ट आठवली रे, सांगू?"