पाचशे ग्रॅमचं खोटं

मालन सिस्टरांवर अन्याय झाला तो गेल्या श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी, सकाळी दहा वाजता. प्रसूतीच्या खोलीतून काढून त्यांना केसपेपरच्या खिडकीत बसवलं. तीन आठवड्यांपूर्वी उचगावात, राहत्या घरी त्या गेल्या, आणि दवाखान्याच्या ज्या डॉक्टरसाहेबांनी त्यांना हलवलं त्यांनीच दवाखान्याच्या दारात ‘भावपूर्ण श्रद्धांजली’चा फलक लावला. हार चांगला मोठा होता...

त्यांचा गुन्हा एवढाच, की त्या वार तोलायच्या. बाळामागून पडणारी वार नातेवाईक पिशवीतून नेऊन पुरतात, ही आपली रीत. सिस्टर दारात आडव्या उभ्या राहायच्या, हातात घरून आणलेला काटा. “पुरा की पावणं, कोण न्हाय म्हणतंय? आधी काट्यावर येऊ दे.” माझ्या बहिणीच्या, अक्काच्या पहिल्या बाळंतपणात मी वैतागलो, “मटण हाय काय तोलायला?” त्या हसल्या. “मटण बरं तोलून घेता! पोरानं नऊ महिनं हिच्यातनंच खाल्लंय. हलकी भरली तर पोर उपाशी आलं असंल, ध्यान द्याय पाहिजे.” हलकीच भरली. दोन दिवस त्यांनी पोरीची साखर पुन्हा पुन्हा तपासायला लावली, तिला आईच्या छातीशी उबेत ठेवलं. ती पोर आज अंगणवाडी डोक्यावर घेते.

दवाखान्याच्या रजिस्टरात मात्र पानामागून पान वारेचं वजन एकच: पाचशे ग्रॅम. न तोलता. सिस्टरांनी ते रजिस्टर साहेबांपुढे उघडून ठेवलं, आणि पुढं तो सोमवार उजाडला.

त्यानंतर अक्काचं दुसरं बाळंतपण. दारात आडवं कोणी नव्हतं. पिशवी मीच घेतली, घरामागच्या परड्यात खड्डाही मीच काढला. दुसऱ्या दिवशी बाळ गार पडलं, दूध ओढेना... गेलं.

मी सिस्टरांकडे गेलो. त्यांनी विचारलं, “वार किती भरली?”

“पाचशे लिवलंय.”

“काट्यावर कुणी ठिवली?”

तोलली असती तर बाळ वाचलंच असतं, असं त्या म्हणाल्या नाहीत. “नजर तरी राहिली असती,” एवढंच.

त्यांचा काटा अजून उचगावच्या स्वयंपाकघरात फळीवर आहे, धुतलेलं पारडं पालथं घातलेलं. फलक पुरे झाले. तुमच्या घरची बाई बाळंत झाली की पिशवीला हात लावण्याआधी विचारा, किती भरली? आणि सांगतील तो आकडा ऐकून घरी येऊ नका. काटा बघा.